धावणाऱ्याचा जोडा

पहाटेची वेळ असते. धुळे शहर अजून पुरते जागे झालेले नसते. पांझरा नदीवरून गार वारा वाहत असतो आणि काठच्या रस्त्यावर पावलांचा एकसारखा आवाज ऐकू येऊ लागतो. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण आणि तरुणी धावण्याचा सराव करीत असतात. भरतीच्या मैदानी परीक्षेत पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. १०० मीटरची धाव असते ती वेगळीच. आमच्या धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा सहावा गट आहे. त्या दलात शिरू इच्छिणाऱ्यांना तर पाच किलोमीटर धावून दाखवावे लागते. साक्री, शिरपूर, शिंदखेडा या भागांतून आलेली शेतकऱ्यांची कितीतरी मुले या धावेवर आपले भवितव्य पणाला लावतात.

सेवानिवृत्त झाल्यापासून मीही त्याच रस्त्याने फिरावयास जातो. फटफटू लागले, की माझी दृष्टी आपोआप त्या धावणाऱ्या पायांकडे वळते. कोणाच्या पायांत झगझगीत नवे बूट असतात, कोणाच्या पायांत कापडी जुने जोडे असतात, तर कोणी अनवाणीच धावत असतो. ते पाय पाहिले, की माझ्या हातून घडलेली एक चूक मला आठवते.

तेव्हा मी एका खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक होतो. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत १५०० मीटर धावण्यासाठी आमच्या एका विद्यार्थ्याची निवड झाली होती. तो रोज शेतांमधल्या पाऊलवाटेने अनवाणी शाळेत येई आणि वाऱ्यासारखा धावे. आपल्या शाळेची मुले चार लोकांत नीटनेटकी दिसावीत, म्हणून मी फर्मान काढले, की प्रत्येकाने बूट घालूनच मैदानात उतरले पाहिजे. मुलाने मुकाट्याने मान हलविली. स्पर्धेच्या दिवशी तो आपल्या थोरल्या भावाचे बूट घालून आला. पुढे राहिलेल्या पोकळीत त्याने चिंध्या कोंबल्या होत्या. अर्धी शर्यत होईपर्यंत तो सर्वांच्या पुढे होता. मग तो लंगडू लागला. शर्यत त्याने सोडली नाही, पण तो सर्वांच्या शेवटी पोहोचला. बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांची कातडी सोलून निघाली होती. "सर, बूट मोठे होते," एवढेच तो म्हणाला.

मी शोभा पाहिली, पाय पाहिले नाहीत. ती चूक मनाला लागून राहिली. धावणाऱ्याचा जोडा कसा असावा, याविषयी पुढे मी जाणत्यांना विचारले आणि वाचले. त्यातील उपयोगाच्या चार गोष्टी आज तुम्हांला सांगतो.

प्रथम धावताना काय घडते, ते पाहू. चालताना आपला एक तरी पाय नेहमी जमिनीवर टेकलेला असतो. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक क्षणभर दोन्ही पाय अधांतरी असतात आणि मग साऱ्या शरीराचा भार एकाच पायावर येऊन पडतो. त्या क्षणी पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असतो. म्हणजे ३५ किलो वजनाच्या मुलाच्या पायावर प्रत्येक वेळी ७० ते १०५ किलोंचा भार पडतो. एक किलोमीटर धावताना अशी सुमारे हजार पावले पडतात.

हा भार सोसण्यासाठी निसर्गाने आपले पाऊल मोठ्या कौशल्याने घडविले आहे. एका पावलात २६ हाडे असतात. तळव्याची कमान भार पडताच किंचित खाली दबते आणि पुन्हा वर येते. टाचेखाली चरबीची जाड गादी असते. जोडा हा या रचनेचा मदतनीस आहे. त्याची मुख्य कामे तीन. काटे, खडे व तापलेली जमीन यांपासून पायाचे रक्षण करणे, हे पहिले. जमिनीचा आघात सौम्य करणे, हे दुसरे. पाय घसरू न देता जमिनीवर पकड देणे, हे तिसरे. धाव कोणती आणि जमीन कशी, यावर यांपैकी कोणत्या कामाला अधिक महत्त्व द्यावयाचे, हे ठरते. म्हणूनच सर्व प्रकारच्या धावण्याला एकच जोडा सारखा उपयोगी पडत नाही.

शंभर किंवा दोनशे मीटरची शर्यत घ्या. अशा शर्यतीत धावणारा चवड्यांवर धावतो. त्याची टाच जमिनीला जेमतेम लागते. त्याला हवी असते पकड आणि हलकेपणा. म्हणून त्याच्या जोड्याचा तळ पातळ व ताठ असतो आणि चवड्याखाली टोकदार खिळे बसविलेले असतात. हे खिळे धावपट्टीत रुततात आणि पाय मागे सरकू देत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एका जोड्याला अकरांहून अधिक खिळे असू नयेत आणि कृत्रिम धावपट्टीवरील शर्यतींत खिळ्याची लांबी ९ मिलिमीटरांहून अधिक असू नये. हेच खिळ्यांचे बूट घालून कोणी डांबरी रस्त्यावर धावू लागला, तर खिळे रुतणार नाहीत, पाय घसरेल आणि प्रत्येक आघात थेट नडगीपर्यंत पोहोचेल.

रस्त्यावरील लांब पल्ल्याच्या धावेचे गणित निराळे आहे. डांबर व काँक्रीट मातीसारखे दबत नाहीत आणि पावले तर हजारांनी पडतात. येथे जोड्याच्या तळाशी मऊ, फेसाळ थर हवा. भार पडताच तो दबतो आणि आघाताची तीव्रता कमी करतो. हा थर कायम टिकत नाही. साधारणपणे पाचशे ते आठशे किलोमीटर धावून झाल्यावर तो दबून निर्जीव होतो. वरून जोडा चांगला दिसत असला, तरी त्याचे काम संपलेले असते. अलीकडे काही जोड्यांत अतिशय जाड थर आणि त्यात ताठ पट्टी घालतात. त्यामुळे पाऊल उचलताना उसळी मिळते. शर्यत माणसांची राहावी, जोड्यांची होऊ नये, म्हणून तळाची जाडी रस्त्यावरील शर्यतींत ४० मिलिमीटरांहून व धावपट्टीवरील शर्यतींत २० मिलिमीटरांहून अधिक असू नये, असा नियम करण्यात आला आहे.

आता शहराबाहेर पडून लळिंगच्या किल्ल्याकडे किंवा एखाद्या शेताच्या बांधाने धावत गेलात, तर काय होईल? मऊ तळाच्या जोड्यात बाभळीचा काटा सहज आरपार शिरेल. सुटे दगड पायाखालून निसटतील. पावसाळ्यात आपल्या खानदेशची काळी माती तळाला अशी चिकटेल, की दहा पावलांत जोडा शेरभर जड होईल. अशा वाटेसाठी तळ जाड व कणखर हवा आणि त्यावर एकमेकांपासून दूर असलेले रबराचे उंचवटे हवेत. उंचवट्यांमध्ये मोकळी जागा असली, की चिखल अडकून न राहता झडून पडतो आणि पकड टिकते.

एक धाव अशीही आहे, की तीत पाण्यात उडी पडते. तिला अडथळ्यांची शर्यत म्हणतात. तीन हजार मीटर अंतरात २८ वेळा आडवे ओंडके आणि ७ वेळा पाण्याचा खंदक ओलांडावा लागतो. आपल्या महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे याच शर्यतीत नावारूपाला आला. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद या वेळात रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक त्याच्या हातून केवळ ०.०५ सेकंदाने गेले. पुढच्याच वर्षी हांगझोउ येथील आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक पटकावले. जेथे सेकंदाच्या विसाव्या भागाने पदकाचा रंग बदलतो, तेथे जोड्यात साचलेले ओंजळभर पाणीसुद्धा जड होते. म्हणून या शर्यतीचे जोडे विरळ जाळीच्या कापडाचे करतात. पाणी आत येते तसेच बाहेर निघून जाते.

मुलांनो, हे वाचून घरी चार जोड्यांचा हट्ट धरू नका. तुमच्या वयाच्या मुलाला शाळेच्या मैदानावर आणि रस्त्यावर धावण्यासाठी एकच साधा, मापाचा जोडा पुरेसा आहे. मात्र तो निवडताना काही गोष्टी ध्यानात ठेवा.

जोडा घेण्यास सायंकाळी जा. दिवसभराच्या हालचालीने पाय थोडे फुगतात; धावतानाही ते तसेच फुगतात. सकाळी बरोबर बसलेला जोडा सायंकाळी आवळू लागतो. जाताना धावताना वापरता तेच पायमोजे घालून जा. माप बसून देऊ नका, उभे राहून द्या. कारण उभे राहिले, की भाराने पाऊल पसरते. दोन्ही पायांचे माप घ्या. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा असतो. जोडा मोठ्या पायाच्या मापाचा घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. बोटे आत मोकळी हालली पाहिजेत, पण टाच वर सरकता कामा नये. जोडा हातात धरून वाकवून पाहा. आपले पाऊल बोटांच्या मुळाशी वाकते. जोडाही तेथेच वाकला पाहिजे. शेवटी दुकानात दहा-वीस पावले धावून पाहा. कोठे टोचले, कोठे आवळले, तर "वापरून सैल होईल" या आश्वासनावर विसंबू नका.

आपल्याकडे मुलांना कपडे शिवताना ते वाढत्या अंगाचे शिवतात. सदरा वाढत्या अंगाचा असला, तर बाही दुमडून काम भागते. जोड्याची बाही दुमडता येत नाही. सैल जोड्यात पाय पुढेमागे घसरतो, कातडी घासली जाते आणि फोड येतात. आईवडिलांनी काटकसरीने दोन मापे मोठा जोडा घेऊ पाहिला, तर त्यांना हे नम्रपणे समजावून सांगा. त्यापेक्षा कमी किमतीचा, पण मापाचा जोडा घेणे हीच खरी काटकसर. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण खर्चापुरती ठीक आहे. जोडा मात्र पाय पाहूनच घ्यावा लागतो.

किमतीविषयी आणखी एक गोष्ट. तळव्याच्या कमानीचा प्रकार ओळखून त्याप्रमाणे खास जोडा घेतला, की दुखापत टळते, असे पुष्कळांना वाटत असे. २००९ व २०१० च्या सुमारास अमेरिकेच्या सैन्यदलांतील नव्या शिपायांवर केलेल्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. कमानीप्रमाणे जोडे दिलेले शिपाई आणि सर्वांना सारखेच जोडे दिलेले शिपाई यांच्या दुखापतींत फारसा फरक आढळला नाही. यावरून दिसते, की महाग नावापेक्षा आणि आकर्षक रंगापेक्षा तुमच्या पायाला मिळणारा आराम हाच अधिक विश्वासाचा साक्षीदार आहे.

मग जोडा नसेल तर धावूच नये काय? १९६० साली रोम येथील ऑलिंपिक स्पर्धेत इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने ४२ किलोमीटरांहून लांब असलेली मॅरेथॉन शर्यत अनवाणी धावून जिंकली. त्याला अनवाणी धावण्याची सवय होती आणि तेथे मिळालेले जोडे त्याच्या पायांना नीट बसेनात. चावणाऱ्या जोड्यापेक्षा त्याने आपल्या पायांवर विश्वास ठेवला. चार वर्षांनी, १९६४ साली, टोकियो येथे तोच बिकिला जोडे घालून धावला आणि पुन्हा पहिला आला. या वेळी त्याने २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद एवढा वेळ घेतला, म्हणजे रोमपेक्षा तीन मिनिटे कमी. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत हीसुद्धा प्रथम अनवाणीच धावत असे. पुढे २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धांच्या इतिहासात धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. जोडा नाही म्हणून या दोघांनी धावणे थांबविले नाही आणि योग्य जोडा मिळाल्यावर त्याचा अव्हेरही केला नाही.

तुम्हीही जोडा नसेल, तर मऊ मातीच्या, काटे व काचा नसलेल्या मैदानावर थोडेथोडे धावू शकता. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या तापलेल्या जमिनीवर अनवाणी धावण्याचे धाडस करू नका.

आता त्या विद्यार्थ्याची उरलेली हकीकत सांगतो. पुढच्या वर्षी मी तो नियम रद्द केला. स्पर्धेला महिना असताना एका सायंकाळी त्याला घेऊन मी शहरातील दुकानात गेलो आणि त्याला उभे करून माप घ्यावयास लावले. त्याने निवडलेला जोडा दुकानातील सर्वांत स्वस्त जोड्यांपैकी एक होता. महिनाभर तो जोडा घालून तो थोडेथोडे धावला. कारण नवा जोडा शर्यतीच्या दिवशी प्रथम पायांत घालू नये. त्या वर्षी तो दुसरा आला. शर्यत संपताच तो माझ्याकडे धावत आला आणि मी काही विचारण्यापूर्वीच पायमोजे काढून त्याने आपल्या टाचा मला दाखविल्या. त्यांवर एक ओरखडाही नव्हता.