वजन उतरले, फट रुंदावली

वजन कमी करण्यासाठीच्या गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रियेत जठराची छोटी पिशवी करून तिला लहान आतडे जोडतात. त्यासाठी आतडे वर ओढावे लागते आणि त्याच्यासोबत मेसेंटरीही येते. मेसेंटरी म्हणजे आतड्याला पाठीच्या बाजूला धरून ठेवणारा, त्याच्या रक्तवाहिन्या सांभाळणारा चरबीदार पडदा. तो जागचा हलला की फटी उरतात. एक आतड्याच्या खालच्या जोडापाशी, म्हणजे आतड्याला आतडे जोडतात तिथे, दुसरी वर नेलेल्या आतड्याच्या पडद्यामागे. या दुसरीला पीटरसनची फट म्हणतात. वाल्टर पीटरसन या जर्मन सर्जनने १९०० साली तिचे वर्णन केले, तेव्हा वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया नव्हत्याच.

या फटीत आतडे शिरले की झाला अंतर्गत हर्निया. पोटावर फुगवटा नाही, बाहेरून काही कळत नाही. वजन उतरते तशी मेसेंटरीतली चरबीही झडते आणि फट मोठी होते. म्हणून हा त्रास बहुधा वर्ष-दोन वर्षांनी, सगळे छान चाललेले असताना उद्भवतो.

मग फटी शिवाव्यात का? सर्जनमंडळींत यावर बरीच वर्षे मतभेद होते. स्वीडनमधल्या १२ रुग्णालयांनी २,५०७ रुग्णांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. आतडे अडकल्यामुळे तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण फटी न शिवलेल्यांत १०.२ टक्के, तर शिवलेल्यांत ५.५ टक्के होते. मात्र पहिल्या तीस दिवसांतली गंभीर गुंतागुंत शिवलेल्यांत जास्त होती, ४.३ विरुद्ध २.८ टक्के. कारण मुख्यतः एकच, टाक्यांच्या ओढीने खालच्या जोडापाशी आतडे दुमडणे. माझ्या मते फटी शिवाव्यातच, पण सावकाश. न विरघळणारा धागा घ्यावा, पडद्याचा वरचा पापुद्रा तेवढा टोचावा, रक्तवाहिनी चुकवावी आणि शेवटी जोड सरळ बसला आहे ना, हे पुन्हा पाहावे.

शिवलेली फटही पुढे उघडू शकते. तेव्हा लक्षण ओळखता आले पाहिजे. जेवणानंतर पोटात वरच्या बाजूला, बरेचदा डावीकडे, कळ येते, पाठीत जाते, थांबते, पुन्हा येते. उलटी होईलच असे नाही. अशा वेळी अॅसिडिटीची गोळी घेऊन दिवस काढू नयेत. सीटी स्कॅनमध्ये मेसेंटरीच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गरगरलेल्या दिसल्या तर निदान सोपे होते, पण स्कॅन साफ असूनही हर्निया असू शकतो. दुखणे राहिलेच तर दुर्बिणीने आत पाहणे हाच मार्ग. उशीर झाला तर रक्तपुरवठा तुटून आतडे काळे पडते.

गरोदरपणात विशेष जपावे. वाढते गर्भाशय आतडी वर ढकलते आणि शेवटच्या तीन महिन्यांतली कळ बाळंतकळ समजली जाते. प्रसूतितज्ज्ञांना बायपासबद्दल पहिल्याच भेटीत सांगा. शस्त्रक्रिया नेमकी कोणती झाली, फटी शिवल्या की नाही, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. स्लीव्ह, म्हणजे फक्त जठर अरुंद करण्याची शस्त्रक्रिया, झालेल्यांच्या पोटात या फटी नसतात, कारण त्यांचे आतडे जागेवरच असते.