जात्याचा आवाज गेला कुठे?

२०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी आला. आमचा एक कार्यक्रम त्याच दिवशी दुपारी २ वाजता ठरला होता. इथे इंग्लंडमध्ये एका सभागृहात पन्नासेक मंडळी, आणि पडद्यावर सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी. बरोबर आठवडाभर आधी, रविवारी २ वाजताच, चाचणीही घेतली होती. सगळं झकास. तरी प्रत्यक्ष कार्यक्रमात तीन गोष्टी बिघडल्या, आणि त्यातल्या दोन निव्वळ आमच्या निष्काळजीपणामुळे. तुम्ही मंडळासाठी, ग्रंथालयासाठी किंवा विद्यापीठात असे कार्यक्रम चालवत असाल, तर आमच्यावरून शिका.

पहिली गोष्ट घड्याळाची. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात, म्हणजे नेमकी त्याच पहाटे. २३ मार्चला आमचे दुपारचे २ म्हणजे भारतातले संध्याकाळचे साडेसात होते. ३० मार्चला ते साडेसहा झाले. आम्ही आजींच्या नातवाला काय सांगितलं होतं? "गेल्या रविवारच्याच वेळेला." तो बिचारा त्याच्या घड्याळाप्रमाणे बरोबर होता. आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलेलो आणि तिकडे आजी दिवाबत्ती करत होत्या.

अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतरसुद्धा पाचाऐवजी चार तासांचं असतं. ऑक्टोबरअखेर एक आठवडा पुन्हा तोच घोळ. दुबई आणि मॉरिशस मात्र वर्षभर भारताच्या दीड तास मागे, तिथे काही हलत नाही. आता आम्ही निमंत्रणात आधी भारतीय वेळ लिहितो, कारण ती बदलत नाही, आणि पुढे शहरांच्या नावांनिशी बाकीच्या वेळा. 'आयएसटी' ही अक्षरं तर लिहूच नका. भारताचीही तीच, आयर्लंडची आणि इस्रायलचीही तीच.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि ती जास्त लागली. आजींनी जातं फिरवत ओवी सुरू केली. हात फिरताना दिसत होता, ओठ हलत होते. पण जात्याची घरघर अजिबात नाही, आणि ओवी तुकड्यातुकड्यांत. ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर तर साफ गायब. नेट उत्तम चालू होतं. झालं असं की व्हिडिओ कॉलची साधनं बोलणं आणि गोंगाट वेगळा करायला बसवलेली असतात. एकसारखा चालणारा आवाज दिसला की त्यांना तो पंखा वाटतो किंवा मिक्सर, आणि ती तो पुसून टाकतात. जात्याची घरघर, तंबोरा, लांबवलेला सूर, सगळं त्याच चाळणीत अडकतं. झूममध्ये हे टाळण्यासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, इतर साधनांतही गोंगाट काढणं कमी किंवा बंद करता येतं. पण लक्षात ठेवा, ते गाणाऱ्याच्या बाजूला करावं लागतं, तुमच्या नव्हे. मग पंखाही ऐकू येईल, तेव्हा तो बंद करायला सांगा.

आमच्या चाचणीत हे का कळलं नाही? कारण चाचणीत आजी फक्त बोलल्या होत्या. "ऐकू येतंय का?" "येतंय." संपली चाचणी. कार्यक्रमात जे करायचं तेच चाचणीत करून बघायला हवं होतं: गाणं असेल तर गाणं, चित्रफीत असेल तर तीच चित्रफीत आवाजासकट, सादरीकरण असेल तर त्याच लॅपटॉपवरून. (जुन्या श्रीलिपीतल्या स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ करून न्या.)

शेवटी नातवाला म्हटलं, घरातला दुसरा फोन जात्याशेजारी ठेव, विमान मोडवर टाक म्हणजे मध्येच कोणाचा फोन येणार नाही, आणि नुसतं रेकॉर्डिंग सुरू कर. पुढच्या ओव्या जात्यासकट स्वच्छ मिळाल्या. पहिल्या सात गेल्या त्या गेल्याच. नंतर आजींना विचारलं तर म्हणाल्या, "कुठल्या होत्या कोण जाणे. हात फिरला की सुचतंय." त्यामुळे पाहुण्याच्या बाजूला वेगळं रेकॉर्डिंग, ही आमच्यासाठी आता सोय राहिलेली नाही, अट आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे वीज गेली. ती काही आपल्या हातात नाही. पण वीज गेली की घरातलं वायफायही जातं, म्हणून पूर्ण चार्ज केलेला आणि डेटा असलेला फोन तयार हवा. तोही अडखळला तर चित्र बंद करून फक्त आवाज ठेवा, त्याला फार कमी डेटा लागतो. तेही जमेना, तर साधा फोन लावून माइकसमोर धरा. आम्ही तेच केलं.

या सगळ्यात दहाएक मिनिटं सभागृहात शांतता पसरली असती. पण सूत्रसंचालन करणारी आमची सहकारी स्वतः ओव्यांवर काम करते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या, लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहाबद्दल ती बोलत राहिली. ती बोलू शकली, कारण वायरी आणि फोन दुसऱ्याच्या हातात होते. ही दोन कामं एका माणसाकडे कधीही देऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. हसतमुखाने बोलत बोलत माऊस शोधणारा सूत्रसंचालक बघणं हा प्रेक्षकांवर अन्याय आहे.

पुढच्या खेपेला चाचणीतच आजींना दोन ओव्या म्हणायला सांगितलं. जात्याला हात घालता घालता त्या थांबल्या. "नुसतंच बघायचंय ना? मग दाणं घालू का नको?"

घालाच, म्हटलं. रिकामं जातं वेगळं वाजतं.