करकरणारं चीज

"अगं, फ्राइजवर दही?"

पुण्याहून मावशीने विचारलं, तेव्हा कळलं की घोळ 'कर्ड' या शब्दाने घातलाय. मी माँट्रियलहून तिला फोनवर पुटीनची कृती सांगत होते. तळलेले बटाटे, त्यावर चीज कर्ड, वरून कढत ग्रेव्ही. पदार्थ एवढाच. पण यातलं कर्ड म्हणजे दही नव्हे आणि पनीरही नव्हे. चेडर चीज साच्यात दाबण्याआधी त्याचे जे रबरासारखे तुकडे असतात, ते हे.

ताजं कर्ड दाताखाली नव्या कोल्हापुरी चपलेसारखं करकरतं. दुधातल्या केसीन प्रथिनाची जाळी कॅल्शियमने घट्ट बांधलेली असते, तिच्यावर दात घासला की आवाज येतो. दिवस-दोन दिवसांत जाळी सैल पडते आणि आवाज जातो. म्हणून क्वेबेक प्रांतातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणजे 'देपानर'मध्ये, त्या दिवशीच्या कर्डच्या पिशव्या फ्रिजबाहेर, गल्ल्याशेजारी मांडलेल्या दिसतात. मुकं झालेलं कर्ड मी काही सेकंद मायक्रोवेव्हमध्ये फिरवते. घटकाभर आवाज परततो.

पुटीन जन्मलं तेही चीजच्याच मुलखात, माँट्रियल आणि क्वेबेक शहर यांच्यामधल्या दूधदुभत्याच्या पट्ट्यात. वॉरविक गावी फेर्नां लाशांस यांच्या हॉटेलात १९५७ साली एका गिऱ्हाइकाने फ्राइजच्या पिशवीतच कर्ड टाकायला सांगितलं. यात सगळा राडा होणार, असं लाशांस म्हणाल्याची कथा आहे. तिथल्या बोलीत पुटीन म्हणजे राडाच. शेजारच्या ड्रमंडव्हिलचे झाँ-पॉल रुआ यांचा दावा निराळा: १९६४ साली ग्रेव्हीसकट हा पदार्थ आपण विकायला आणला. माझं मत रुआंना. ग्रेव्हीवाचून ते नुसतं चीज-बटाटा. पुढे कित्येक वर्षं हे गावंढळ खाणं म्हणून हिणवलं गेलं, आणि मग माँट्रियलच्या मार्टिन पिकार यांनी त्यावर चक्क फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचं महागडं लिव्हर, ठेवून ते महागड्या टेबलावर नेलं.

घरी करताना बटाटा जुना, पिठूळ घ्यावा आणि फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि फोडी आतून शिजण्याआधीच काळवंडतात. बोटाएवढ्या जाड फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून कोरड्या पुसायच्या. पहिल्यांदा १६० अंशांच्या तेलात, रंग न येऊ देता, नुसत्या मऊ करायच्या. निवल्या की १९० अंशांत कुरकुरीत.

ग्रेव्हीसाठी लोण्यात मैदा तांबूस परतून त्यात चिकन आणि बीफचा स्टॉक, भरपूर मिरपूड, किंचित व्हिनेगर. मावशी शाकाहारी, म्हणून तिला मशरूम आणि खरपूस कांद्याचा स्टॉक सांगितला. ग्रेव्ही पिठल्यापेक्षा पातळ, पण चमच्याला धरून राहणारी हवी.

"पनीर चालेल का?" नाही चालणार. लिंबाने दूध फाडलं की जाळीतलं कॅल्शियम निघून जातं. असं पनीर उकळत्या ग्रेव्हीतही ढिम्म राहतं. कर्डसाठी विरजण आणि दूध गोठवणारं रेनेट लागतं, आणि लिटरभर दुधाला जेमतेम शंभर ग्रॅम चीज पडतं. तेवढा खटाटोप नको असेल तर मोझरेला हाताने तोडून घ्यावं. किसू मात्र नये. किसलेल्या चीजचा क्षणात वितळून चिखल होतो. पुटीनमधलं चीज कडेला मऊ, मधे अजून घट्ट हवं. त्यासाठी ते आधी फ्रिजबाहेर काढून ठेवायचं, ग्रेव्ही उकळती ओतायची आणि लगेच खायला बसायचं.

परवा मावशीचा फोन आला. "करकरलं नाही गं. पण बशीत काही उरलंही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ग्रेव्हीत चमचाभर गोडा मसाला घातलाय. तिकडे कुणाला सांगू नकोस."