व्यवसाय कर : मालकाला लागतात दोन प्रमाणपत्रे

गुमास्ता झाला, जीएसटीचा नंबर आला, उद्यमची नोंदणीही झाली. आता सरकारी कागद पुरे झाले असे समजून आपले अनेक व्यापारी व कारखानदार बंधू निश्चिंत होतात. पुढे केव्हातरी जीएसटी कार्यालयातून नोटीस येते आणि ती जीएसटीची नसून व्यवसाय कराची आहे हे पाहून मुनीमजी चक्रावतात. यापैकी एकही कागद व्यवसाय कराच्या नोंदणीची जागा घेत नाही. रक्कम वर्षाला फार मोठी नसल्याने या कराकडे कोणी लक्ष देत नाही, आणि थकबाकी मात्र साचत जाते. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या राज्य कायद्याने आला. व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी या सर्वांवर तो लागतो. वसुली पूर्वी विक्रीकर खाते करीत असे. आज तेच खाते राज्य वस्तू व सेवा कर विभाग या नावाने ती करते. कायद्याने मालकावर दोन वेगळ्या जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, आणि सारा घोटाळा या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो.

पहिली जबाबदारी स्वतःच्या कराची. धंदा करणारा माणूस म्हणून तुम्ही जो कर देता त्यासाठी नावनोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. सल्लागार त्याला ‘पीटीईसी’ म्हणतात. जीएसटीत नोंदलेल्या व्यापाऱ्याला यासाठी वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. जीएसटी नसलेल्या लहान दुकानदाराने कायद्याच्या अनुसूचीत आपण कोठे बसतो ते सल्लागाराकडून पाहून घ्यावे. भागीदारीत प्रत्येक भागीदाराला आपापली नावनोंदणी करावी लागते. तीन भावांची पेढी असेल आणि थोरल्या भाईने एकट्यानेच कर भरला, तर धाकट्या दोघांची बाकी उभीच राहते.

दुसरी जबाबदारी कामगारांच्या कराची. ज्याच्याकडे कर लागू होणारा एक जरी कामगार आहे, त्याने मालक म्हणून तीस दिवसांच्या आत वेगळी नोंदणी करायची असते. हे ‘पीटीआरसी’. कामगाराच्या पगारातून कर कापायचा आणि सरकारात भरायचा, हे मालकाचे काम. पुरुष कामगाराचा पगार महिना ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. ७,५०१ ते १०,००० पर्यंत महिना १७५ रुपये. १०,००० च्या वर महिना २०० रुपये, फक्त फेब्रुवारीत ३००. म्हणजे वर्षाचे २,५००. महिलांना २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कर नाही. शिलाई, पॅकिंग, मसाल्याच्या कामात बायकांना लावणाऱ्या मालकांनी हे लक्षात घ्यावे, कारण जुन्या मर्यादेप्रमाणे कापणारे अजूनही आढळतात.

७,५०० ची मर्यादा २०१४ ची आहे. आजच्या मजुरीच्या मानाने ती कागदावरच उरली आहे असे आमचे मत आहे. पूर्ण महिना काम करणारा कारीगर आता बहुतेक ठिकाणी थेट वरच्या पायरीतच मोडतो.

आता मुख्य गोष्ट. कामगाराच्या पगारातून कर कापला नाही, तरी तो भरण्यास मालकच जबाबदार असतो. कायद्यात हे स्पष्ट लिहिले आहे. “आम्ही कापलेच नाहीत, मग भरू कशाला?” हा जबाब अधिकाऱ्यापुढे चालत नाही. समजा, एका शिलाई कारखान्यात सहा कारीगर आहेत आणि प्रत्येकाला महिना १८,००० मिळतात. वर्षाचा कर झाला १५,०००. तीन वर्षे शेठजींनी लक्ष दिले नाही, तर ४५,००० रुपये. त्यावर दरमहा किमान सव्वा टक्का व्याज, शिवाय थकलेल्या कराच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. नोंदणीला उशीर झाल्याचा दंड दर दिवसाचा निराळा, आणि विवरणपत्र चुकले की त्याचे विलंब शुल्क आणखी निराळे. तोपर्यंत सहापैकी चार कारीगर दुसऱ्या कारखान्यात गेलेले असतात किंवा गावी परतलेले असतात. त्यांच्या वाट्याचे पैसे मागणार कोणाकडे? दर महिन्याला कापले असते तर जे दोनशे रुपये कारीगराच्या पगारातून गेले असते, ते सारे व्याजासह मालकाच्या गल्ल्यातून जातात. व्याजाच्या भीतीने बँकेची पायरी न चढणारे आपले काही बांधव सरकारला मात्र असे व्याज बिनबोभाट देतात, याचे आम्हाला नवल वाटते.

आपल्याकडच्या धंद्यात मजुरीचा हिशेब बहुधा नगावर असतो. भिवंडी-मालेगावच्या मागावर मीटरवर, जरीच्या आणि चामड्याच्या कामात डझनावर, कोठे आठवड्याला तर कोठे पंधरवड्याला चुकता होतो. म्हणून “आमच्याकडे पगारदार कोणी नाही, सगळे नगावर” असे मालक सांगतात. कायद्याची व्याख्या मात्र रुंद आहे. नियमितपणे मिळणारा सर्व मोबदला, रोख असो की वस्तूच्या रूपात, वेतनात धरला जातो. तेव्हा तुमच्या कारखान्यात, तुमच्या मशीनवर, रोज येऊन काम करणाऱ्याची महिन्याची एकूण मजुरी धरून कर पाहावा. माल घरी नेऊन आपल्या अवजाराने, चार मालकांचे काम करून देणारा कारीगर निराळा. तो स्वतंत्र धंदेवाला ठरतो, त्याचा कर तुम्ही कापायचा नाही. त्याने स्वतःचा पाहायचा.

बोनस वेतनात धरला जात नाही, मग तो कोणत्याही नावाने दिलेला असो, ग्रॅच्युइटीही नाही. म्हणजे ईदला किंवा दिवाळीला कारीगरांच्या हातावर जी रक्कम ठेवता, तिच्यामुळे त्या महिन्याचा कर वाढत नाही. मात्र वहीत ती बोनस म्हणून वेगळी लिहा. पगाराच्या रकान्यातच मिसळून टाकली तर नंतर सिद्ध करणे जड जाते.

कापणीवरून कारखान्यात कुरबुर होते, हे आम्ही ऐकून आहोत. उत्तर प्रदेशात किंवा राजस्थानात असा कर नाही. तिकडून आलेल्या कारीगराला पहिल्या पगारात दोनशे रुपये कमी दिसले की शेठने मारले असे वाटते. त्याला पावती दाखवावी आणि पैसे कोठे जातात तेही सांगावे, कारण या कराचा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा हवा. तो शहरातल्या कमावत्या माणसाकडून घ्यावा, म्हणून हा कर बसवला गेला. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने या कराचे उत्पन्न हमीच्या निधीकडे वळवले आणि तितकीच भर सरकारने घालायची ठरले. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच नमुना समोर होता.

वर्षाला २,५०० या आकड्यामागे राज्यघटनेचे कलम २७६ आहे. राज्याला एका माणसाकडून याहून अधिक व्यवसाय कर घेता येत नाही. पूर्वी ही मर्यादा २५० होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती दसपट झाली, आणि तेथेच थांबली आहे.

काहींना करातून सूट आहे. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेले, मग ते नोकर असोत वा मालक. चाळीस टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व असलेले. मतिमंद मुलांचे पालक. कापड उद्योगातील बदली कामगार. वयाचा किंवा डॉक्टरांचा दाखला फायलीत असल्याशिवाय सूट देऊ नये. मागच्या खोलीत बसून काज-बटण करणाऱ्या वृद्ध चाचांचा कर वर्षानुवर्षे कापला जातो आणि कोणी वय विचारत नाही, असेही होते.

तारखा दोनच ध्यानात ठेवाव्यात. स्वतःचा कर दरवर्षी ३० जूनच्या आत. चार वर्षांचा एकदम भरला तर पाचव्याची सूट मिळण्याची सोय आहे. ज्याला दरवर्षी तारीख आठवत नाही त्याने ती अवश्य घ्यावी. कामगारांच्या कराचे विवरणपत्र, मागील वर्षाचा कर एक लाखाच्या आत असेल तर, वर्षातून एकदा ३१ मार्चपर्यंत. २,५०० च्या हिशेबाने ३९ कामगारांपर्यंतचा कारखाना यात बसतो. त्यापुढच्यांना ते दरमहा द्यावे लागते. नव्याने नोंदणी केलेल्यांनी पहिल्या वर्षी विवरणपत्र कसे द्यायचे, हे प्रमाणपत्र हाती येताच सल्लागाराला विचारून घ्यावे. वार्षिक विवरणपत्रात मार्च ते फेब्रुवारी असे बारा महिने धरतात, एप्रिल ते मार्च नव्हे. जीएसटीच्या सवयीने येथे गल्लत होते.

ज्यांनी आजवर नोंदणीच केली नाही, त्यांनी नोटिशीची वाट पाहू नये. स्वतःहून अर्ज करणाऱ्याशी खाते नरमाईने वागते असा आमच्या पाहण्यातला अनुभव आहे. आणि ज्यांनी दुकान विकले, कारखाना बंद केला किंवा मुलाच्या नावावर केला, त्यांनी दोन्ही प्रमाणपत्रे रद्द करण्याचा अर्ज आठवणीने द्यावा. शटर खाली ओढल्याने खात्याच्या दप्तरातले नाव पुसले जात नाही. बंद धंद्याच्या नावाने वर्षाचे २,५०० चढत राहतात, आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाते.