रुग्णालयातील हिंसा : घटनेआधीची तयारी

आम्ही वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा डॉक्टरवर कोणी हात उगारील, हा विचार आमच्या गुरुजनांच्या मनालाही शिवला नसेल. पुढे २००१ साली ठाण्यात एका लोकप्रिय नेत्याच्या निधनानंतर जमावाने रुग्णालयच पेटवून दिले. २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात झालेल्या मारहाणीत निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. अशा बातम्या वाचून हळहळायचे आणि कामाला लागायचे, एवढेच आपण करत आलो. मीही त्यातलाच. पण एके पहाटे ते वादळ माझ्याच दाराशी आले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावातील माझ्या छोट्या रुग्णालयात चंदगडकडचा एक तरुण कीटकनाशक प्यायलेल्या अवस्थेत दाखल झाला. अ‍ॅट्रोपिनने प्रकृती सावरली. दुसऱ्या दिवशी तो बोलू लागला, घोटभर चहाही प्यायला. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "आता काळजी नको." या विषबाधेत सुधारणेनंतरही पहिल्या चार दिवसांत श्वसनाचे स्नायू अचानक दुर्बल होऊ शकतात, हे आपण सारे जाणतो. ते मी त्यांना सांगितले नाही. तिसऱ्या रात्री नेमके तेच झाले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवूनही पहाटे तो गेला.

ते दोन तास मी रुग्णापाशीच होतो. बाहेर येऊन कोणीही नातेवाइकांशी एक शब्द बोलले नाही. त्यातच काउंटरवरच्या मुलाने, मृत्यूची कल्पना नसल्याने, उरलेल्या बिलाची विचारणा केली. दहा मिनिटांत तीस-चाळीस माणसे जमली. काचा फुटल्या. रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात काच घुसली. पोलिसांना फोन दुसऱ्या कोणीतरी केलाच असेल, असे प्रत्येकजण समजत होता. प्रत्यक्षात तो कोणीच केला नव्हता.

हिंसेचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. तरीही सारे शांत झाल्यावर त्या वडिलांनी विचारलेला प्रश्न मला आजही छळतो : "डॉक्टरसाहेब, काल तुम्हीच म्हणालात ना, काळजी नको म्हणून?"

त्यानंतर आम्ही काही नियम घालून घेतले. गंभीर रुग्णाच्या नातेवाइकांपैकी एक जबाबदार व्यक्ती निश्चित करायची आणि तिच्याशी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, एकाच डॉक्टरने बोलायचे. संभाव्य धोके आधीच सांगायचे आणि केसपेपरवर नोंदवून सही घ्यायची. आपल्या भागात हे त्यांच्या भाषेत, मराठीत वा कानडीत, व्हायला हवे; न समजलेल्या संमतिपत्रावरील सही कोणाच्याच कामाची नसते. प्रकृती बिघडत असेल तर दर अर्ध्या तासाने कोणीतरी बाहेर येऊन सांगायचे. मृत्यूची वार्ता वरिष्ठ डॉक्टरने, वेगळ्या खोलीत, बसून द्यायची. त्या वेळी पैशाचा विषय कोणीही काढायचा नाही.

दुसरी तयारी कर्मचाऱ्यांची. चढलेला आवाज, येरझाऱ्या, एकाएकी वाढलेली गर्दी, सारखे चाललेले फोन ही पूर्वचिन्हे मावशी-मामांपासून सर्वांना ओळखता आली पाहिजेत. आमचा एक सांकेतिक शब्द ठरलेला आहे. तो कानी पडताच ११२ वर फोन कोणी करायचा, इतर रुग्णांजवळ कोणी थांबायचे, केसपेपर कोणी सांभाळायचे, हे प्रत्येक पाळीत नावानिशी लिहिलेले असते. वाद घालायचा नाही, एकट्याने सामोरे जायचे नाही, मागच्या दाराची वाट मोकळी ठेवायची. दर तीन महिन्यांनी याची तालीम होते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यातील तरुण डॉक्टरच्या हत्येने निराळाच धडा दिला. धोका नातेवाइकांच्या रागातूनच येतो असे नाही. रात्रपाळीच्या डॉक्टर-परिचारिकांना आतून कडी लागणारी खोली आणि पुरेसा उजेड हवाच. त्या घटनेनंतर केंद्राने आपल्या रुग्णालयांना, हिंसा झाल्यास सहा तासांत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा, असे कळवले. हे बंधन आपण खासगी रुग्णालयवाल्यांनीही स्वतःवर घालून घ्यावे.

कर्नाटकात २००९ चा आणि महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून नुकसानीची दुप्पट भरपाई मागता येते. बेळगावात घडलेल्या घटनेला कर्नाटकाचा, तर चंदगडमधील घटनेला महाराष्ट्राचा कायदा लागू होतो, हे सीमाभागातील आपण ध्यानी ठेवावे. मात्र कायदा येतो तो घटनेनंतर.

माझ्या त्या सिस्टरच्या हाताची जखम पंधरा दिवसांत भरली. रात्रपाळीला मात्र ती पुन्हा कधीच आली नाही, आणि काही महिन्यांनी तिने नोकरीच सोडली. नव्या काचा आठवड्यात बसल्या. तिच्यासारखी परिचारिका आम्हाला पुन्हा मिळाली नाही. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे : या आठवड्यात आपल्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवा आणि एवढेच विचारा, "आज रात्री असे घडले, तर फोन कोण करील?"