वेबसाइटसाठी कोणतं फ्रेमवर्क निवडायचं? आधी समोरच्याचा फोन बघा

वेब डेव्हलपमेंट शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास पडतो. रिॲक्ट शिकू, अँग्युलर शिकू की व्ह्यू? यूट्यूबवर एक जण सांगतो की रिॲक्टशिवाय नोकरीच नाही. दुसरा म्हणतो स्वेल्ट वापरा. तिसरा म्हणतो, फ्रेमवर्कच नको. ऐकणाऱ्याच्या डोक्याचा मात्र भुगा होतो.

माझं रोजचं काम फ्रंट-एंडचंच आहे. नवीन मुलं-मुली हा प्रश्न घेऊन आली की मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो. तुमची साइट कोण उघडणार आहे, आणि कुठल्या फोनवर? याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड तिथेच होते. कसं, ते आज सोप्या भाषेत बघू.

फ्रेमवर्क म्हणजे नेमकं काय?

वेबपेजचा सांगाडा एचटीएमएलने बनतो, रंगरूप सीएसएसने येतं आणि बटण दाबल्यावर जे काही घडतं ते जावास्क्रिप्ट करते. आता समजा, एका खानावळीसाठी ऑर्डर घेणारं पान बनवायचंय. ग्राहकाने दोन थाळ्या निवडल्या, की थाळीसमोरचा आकडा, वरच्या पिशवीवरचा आकडा, एकूण रक्कम आणि डिलिव्हरीचा खर्च अशा चार ठिकाणी बदल व्हायला हवा. साध्या जावास्क्रिप्टमध्ये या चारही जागा शोधून एकेक करून बदलाव्या लागतात. एक जागा विसरली, की वर दोन थाळ्या आणि खाली एकाच थाळीचे पैसे!

फ्रेमवर्क ही कटकट संपवतं. माहिती एकाच ठिकाणी ठेवायची, तिला 'स्टेट' म्हणतात. ती माहिती पानावर कशी दिसावी हे एकदा लिहून ठेवायचं. मग माहिती बदलली, की पान बदलायचं काम फ्रेमवर्कचं.

या सगळ्याचा इतिहास फार जुना नाही. २००६ मध्ये जॉन रेसिगने जेक्वेरी आणली. पानावरचा भाग शोधून बदलणं तिने सोपं केलं, पण सगळीकडचा मेळ आपल्यालाच घालावा लागायचा. २०१० मध्ये गूगलचं अँग्युलरजेएस आलं. २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१४ मध्ये इव्हान यूचं व्ह्यू आणि २०१६ मध्ये रिच हॅरिसचं स्वेल्ट आलं. रिॲक्ट स्वतःला 'लायब्ररी' म्हणवतं, पण निवडीच्या वेळी लोक त्याला याच रांगेत धरतात. बूटस्ट्रॅप आणि टेलविंड मात्र सीएसएसचे, म्हणजे रंगरूपाचे फ्रेमवर्क आहेत. त्यांची गल्लत करू नका.

याची किंमत कोण भरतं?

फ्रेमवर्क फुकट मिळतं, पण त्याचा कोड साइट उघडणाऱ्याच्या फोनवर उतरावा लागतो. रिॲक्टचा मूळ कोड दाबून लहान केल्यावर, आवृत्तीनुसार, साधारण ४५ ते ६० केबी भरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यात पानं बदलण्यासाठी एक पॅकेज, फॉर्मसाठी दुसरं, तारखांसाठी तिसरं, आयकॉन आणि आलेखांसाठी आणखी दोन असं करत करत ३०० केबी सहज होतात.

आता हिशोब करू. ३०० केबी म्हणजे २४०० किलोबिट. गर्दीच्या बसस्टँडवर नेटचा वेग सेकंदाला ४०० किलोबिट मिळाला, तर नुसत्या डाउनलोडला ६ सेकंद लागतात. आणि काम तिथे संपत नाही. ३०० केबीचा फोटो आला तर तो उलगडून दाखवला की झालं. जावास्क्रिप्ट मात्र वाचावी लागते, प्रोसेसरला कळेल अशा रूपात आणावी लागते आणि मग चालवावी लागते. ती चालू असताना स्क्रीनवर बोट दाबलं तरी पान दाद देत नाही. महागड्या फोनवर हे जाणवतही नाही. चार वर्षं जुन्या स्वस्त फोनवर तेच काम कितीतरी पट जास्त वेळ खातं.

त्यात आणखी एक गोम आहे. फक्त ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रिॲक्ट ॲपमध्ये सर्व्हरकडून येणारं एचटीएमएल जवळपास रिकामं असतं. जावास्क्रिप्ट येऊन चालेपर्यंत समोर पांढरं पान. एखादी मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या दिवशी, नेटवर्कच्या एका काडीवर भरत असेल, तर तिच्यासाठी पांढरं पान म्हणजे साइट बंदच. बनवणाऱ्याने लॅपटॉपवर, वायफायवर तपासलेलं असतं, त्यामुळे त्याला हे कधी दिसतच नाही.

मग निवडायचं कसं?

साइट या तीनपैकी कुठल्या प्रकारात बसते ते आधी ठरवा.

पहिला प्रकार, फक्त माहिती देणारी साइट. कोकणातला होमस्टे, गावातला क्लास, डॉक्टरांचा दवाखाना. फोटो, दर, पत्ता, नकाशा आणि फोन नंबर. इथे फ्रेमवर्कची गरजच नाही. साधं एचटीएमएल आणि सीएसएस पुरेसं आहे. साइट झटकन उघडते, आणि दोन वर्षांनी काही बदलायचं झालं तरी काही अडत नाही.

दुसरा प्रकार, माहिती जास्त आणि हालचाल थोडी. बसचं वेळापत्रक आणि त्यात गाव शोधायची सोय, किंवा एखादा शब्दकोश. इथे साधी जावास्क्रिप्ट चालते. थोडी मदत हवी असेल तर ॲल्पाइन, किंवा रिॲक्टसारखंच लिहिता येणारं पण ३ केबीच्या आसपास बसणारं प्रिॲक्ट बघा. पानं खूप असतील तर ॲस्ट्रो चांगलं. ते साधं एचटीएमएल पाठवतं आणि जिथे तुम्ही सांगाल तेवढ्याच भागासाठी जावास्क्रिप्ट पाठवतं.

तिसरा प्रकार, ॲपसारखी साइट. दुकानाचा स्टॉक, हिशोबाची वही, सराव परीक्षा. इथे माणूस अर्धा तास बसून काम करतो आणि स्क्रीनवर सतत काहीतरी बदलत असतं. इथे फ्रेमवर्क आपली किंमत वसूल करून देतं. मग पुढचे पर्याय असे :

रिॲक्ट : शिकायचं साहित्य आणि तयार पॅकेजेस भरपूर, नोकऱ्याही भरपूर. पण बऱ्याच गोष्टी तुम्हालाच निवडून जोडाव्या लागतात.

अँग्युलर : सगळं एकाच डब्यात मिळतं आणि काम टाइपस्क्रिप्टमध्ये चालतं. मोठ्या टीमला शिस्त लागते, म्हणून मोठ्या कंपन्यांत दिसतं. सुरुवातीला शिकायला जड जातं.

व्ह्यू : एचटीएमएल येत असेल तर लवकर हातात बसतं. माहितीपत्रकही छान लिहिलेलं आहे.

स्वेल्ट : बरंचसं काम आधीच, कोड तयार करताना उरकतं. त्यामुळे लहान ॲपमध्ये फोनवर कमी कोड जातो. तयार पॅकेजेस आणि नोकऱ्या मात्र तुलनेने कमी.

साइट सगळ्यांसाठी खुली असेल आणि पहिलं पान लवकर दिसायला हवं असेल, तर रिॲक्टसोबत नेक्स्ट, व्ह्यूसोबत नक्स्ट आणि स्वेल्टसोबत स्वेल्टकिट वापरतात. यात सर्व्हर भरलेलं एचटीएमएल पाठवतो. पण लक्षात ठेवा, मजकूर लवकर दिसला तरी जावास्क्रिप्ट येईपर्यंत बरीचशी बटणं नुसती शोभेची असतात. त्यामुळे कोड कमी ठेवायची जबाबदारी संपत नाही.

नोकरीसाठी काय शिकू?

नोकरीसाठी रिॲक्ट शिकायचं असेल तर जरूर शिका. पण शिकण्यासाठीची निवड वेगळी आणि काकांच्या होमस्टेच्या साइटसाठीची निवड वेगळी. आणि काहीही शिका, जावास्क्रिप्टचा पाया आधी पक्का करा. अँग्युलरचंच उदाहरण घ्या. २०१६ मध्ये गूगलने अँग्युलरची नवी आवृत्ती जवळपास नव्याने लिहून आणली. जुन्या अँग्युलरजेएसचा कोड तिच्यात तसाच चालत नव्हता. जुन्याचा अधिकृत सपोर्ट डिसेंबर २०२१ अखेर संपला. अशा वेळी फ्रेमवर्क पाठ केलेल्याला बरंच काही पुन्हा शिकावं लागतं, भाषा येणारा लवकर सावरतो.

वापरताना हे सांभाळा

१. व्हिडिओची तारीख बघा. रिॲक्टचे बरेच जुने धडे 'क्रिएट रिॲक्ट ॲप'ने सुरू होतात. रिॲक्टच्या टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या ॲपसाठी ते वापरणं थांबवायला सांगितलं. शिकायला सुरुवात करायची तर आता व्हीट वापरा.

२. प्रत्येक गोष्टीसाठी पॅकेज टाकू नका. मराठीत तारीख दाखवायचीय? ब्राउझरमध्ये 'इंटल' नावाची सोय आधीपासूनच असते. तिला मराठीचा 'एमआर-आयएन' हा कोड दिला, की महिन्याचं नाव मराठीत आणि आकडे देवनागरीत येतात. एक केबीही डाउनलोड नाही.

३. आलेख फक्त रिपोर्टच्या पानावर असतील, तर त्यांचा कोड तिथे गेल्यावरच उतरू द्या. याला 'लेझी लोडिंग' म्हणतात.

४. देवनागरी फॉन्टकडे लक्ष ठेवा. जोडाक्षरांमुळे त्याची फाइल सहसा इंग्रजी फॉन्टपेक्षा मोठी असते. दोन जाडींवर भागत असेल तर सहा उतरवू नका.

तपासायचं कसं?

लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा. नेटवर्कच्या भागात वेग थ्रीजीवर आणा, परफॉर्मन्सच्या भागात प्रोसेसर चारपट मंद करा आणि आपलीच साइट उघडून बघा. लॅपटॉप नसेल तर फोनवरून गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये साइटचा पत्ता टाका. गूगलच्या मापाने पानावरचा सर्वात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा आणि बोट दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पानाने प्रतिसाद द्यायला हवा.

यापेक्षाही चांगली परीक्षा म्हणजे घरातला सर्वात जुना स्मार्टफोन घ्या, वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर साइट उघडा. वेळ लागला तर लगेच फ्रेमवर्क बदलायला धावू नका. आधी पॅकेजची यादी उघडा आणि जे काढून टाकलं तरी साइट चालते ते काढा. पुन्हा त्याच फोनवर उघडून बघा. एवढं करूनही जड वाटली, तर मग फ्रेमवर्कचा विचार करा.