न्हाणीघरातील वाफ आणि माळ्यावरचा माल

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांचे घर आणि गोदाम एकच असते. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि पोटमाळ्यावर माल. अशा घरात न्हाणीघराचा ओलावा ही केवळ घरची बाब राहत नाही, ती धंद्याची होते.

आमचाच अनुभव सांगतो. न्हाणीघराला खिडकी नव्हती, म्हणून आम्ही एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला. मिस्त्रीने त्याचे तोंड पोटमाळ्यात सोडले. न्हाणीघर कोरडे झाले, आम्ही खूष! पावसाळ्यानंतर कोऱ्या कापडाचे तागे उतरवले, तर कडांवर काळे-हिरवे ठिपके. कोऱ्या कापडाच्या सुताला खळ असते आणि दमट हवेत बुरशी अशा पिठूळ खळीलाच आधी धरते. माल पडत्या भावाने काढावा लागला. तेव्हा उमगले की पंखा ओलावा नाहीसा करीत नाही, फक्त ढकलतो. तो उघड्या हवेपर्यंत पोहोचवणे हे नळीचे, म्हणजे डक्टचे काम.

प्रथम पंख्याचे माप. न्हाणीघराची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणावी. 8 गुणिले 5 गुणिले 8 म्हणजे 320 घनफूट. ही हवा ताशी 8 वेळा बदलायची म्हटली तर मिनिटाला सुमारे 43 घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. एवढ्याला 6 इंची पंखा पुरे. तो दारासमोरच्या भिंतीत, छताजवळ बसवावा आणि दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवावी. आत हवा येणार नाही, तर बाहेर काय जाणार?

आता नळी. साधा पात्यांचा पंखा भिंतीतून थेट बाहेर हवा टाकण्यासाठी असतो. लांब नळीत त्याचा दम सुटतो. नळी लांब न्यायची असेल तर नळीतच बसणारा ब्लोअर पद्धतीचा पंखा घ्यावा. नळी पंख्याच्या तोंडापेक्षा लहान नको आणि वळणे कमीत कमी असावीत. घडीची लवचीक नळी असल्यास ताणून बसवावी. बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे आत जमलेले पाणी पंख्यावर उलटणार नाही. तोंडाला झडप आणि कबुतरांसाठी जाळी हवी. ते तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे मात्र करू नये. शेजाऱ्याचा हक्क फार मोठा आहे.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. बटण न्हाणीघराबाहेर, अर्थिंग पक्के आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. इथे चार पैसे वाचवणे म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर ‘आता पंखा लावला, चिंता मिटली’ असे समजू नये. जळत्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस गुस्ल करता करता बेशुद्ध पडतो. गीझरला धुराडे असले तरी जोरदार पंखा त्यातला धूर उलटा आत ओढू शकतो. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

स्नानानंतर पंखा 15-20 मिनिटे चालू ठेवावा आणि महिन्याकाठी वीज बंद करून पाती पुसावीत. आम्ही आता नळी थेट बाहेर काढली आहे. अल्हम्दुलिल्लाह, त्यानंतरचे पावसाळे माळ्यावरचा माल कोरडा राहिला. आमचे नुकसान झाले ते झाले. बांधवांनी पंखा घेण्यापूर्वी त्याची हवा कुठे जाणार, एवढे आधी पाहावे.